परवाना कोणाच्या टेबलावर?

सत्तेचा विचार करताना आपण मंत्रालय, विधानसभा, फार तर महापौरांची खुर्ची डोळ्यांसमोर आणतो. परंतु काशीगावात महामार्गाच्या कडेला आरी आणि रापी घेऊन बसलेल्या चर्मकार बांधवाला सत्ता भेटते ती परवान्याचे काम पाहणाऱ्या लिपिकाच्या रूपाने. ‘हे काम आता माझ्याकडे नाही’ एवढे तो म्हणाला, की संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने दिलेले व्यवसायाचे स्वातंत्र्य त्या दिवसापुरते संपते. मी वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहून देतो, म्हणून हे वाक्य अनेकदा ऐकले आहे. ते उच्चारणारा माणूस दरवेळी दुष्टच असतो असे नाही. पुष्कळदा तो खरे बोलत असतो, आणि हेच अधिक गंभीर आहे.

काशीगावाच्या परिसराने चाळीस वर्षांत तीन कारभार पाहिले. आधी ग्रामपंचायत. मग १२ जून १९८५ रोजी पाच ग्रामपंचायती एकत्र करून मिरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली, १९९० साली तिच्यात आणखी चार ग्रामपंचायती आल्या आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. प्रत्येक वेळी केवळ पाटी बदलली नाही, कायदाच बदलला. ग्रामपंचायतीचा १९५८चा, नगरपरिषदेचा १९६५चा, महानगरपालिकेचा १९४९चा. ऑगस्ट २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे राहिला. म्हणजे त्या काळात नियमात काही दुरुस्ती हवी असेल, तर ती मागायला लोकांनी निवडून दिलेला माणूसच नव्हता.

कायदा करणाऱ्यांनी एक काळजी मात्र घेतली होती. १९४९च्या अधिनियमाच्या परिशिष्टात तरतूद आहे, की आधीच्या संस्थेने दिलेले परवाने, केलेले नियम, काढलेले आदेश नवे होईपर्यंत चालू राहतील. जुना परवाना मरत नाही. पण त्याचे नूतनीकरण करणारा हात कोणाचा, हे परिशिष्ट सांगत नाही.

तो हात ठरतो दोन कागदांवर. पहिला आकृतिबंध. कोणत्या विभागात कोणती पदे, किती, कोणत्या नावाची, याचा हा आराखडा. त्याला शासनाची मंजुरी लागते. दुसरा कागद अधिकार सोपवण्याचा. कलम ३७६खालचा परवाना देण्याचा अधिकार मुळात आयुक्तांचा. पण आयुक्त काही प्रत्येक पिठाच्या गिरणीच्या कागदावर सही करीत बसत नाहीत. कलम ६९खाली लेखी आदेशाने ते हा अधिकार खालच्या अधिकाऱ्याकडे देतात. आता आकृतिबंध बदलला, एक पद रद्द झाले, दुसऱ्याचे नाव बदलले, काम मुख्यालयातून प्रभाग कार्यालयात गेले, आणि अधिकाराचा आदेश जुन्याच पदाच्या नावाने राहिला, तर काय होते? जुना अधिकारी म्हणतो, माझी बदली झाली. नवा म्हणतो, माझ्या नावे आदेश नाही. दोघेही कायद्याच्या चौकटीत असतात. चौकटीबाहेर उभा असतो तो अर्जदार.

ज्याच्याजवळ पैसा आहे तो सल्लागार नेमतो आणि ही फट ओलांडतो. आपल्या माणसाचे काय होते, यासाठी गटई कामगाराचे उदाहरण घ्यावे. अनुसूचित जातीच्या गटई कामगाराला शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचा स्टॉल देण्याची योजना समाजकल्याण खात्याची आहे. मात्र स्टॉल ठेवण्याची जागा स्वतःची असावी, नाहीतर ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका यांसारख्या संस्थेने ती रीतसर दिलेली असावी, अशी अट आहे. म्हणजे पत्रा एका खात्याचा, जमीन दुसऱ्या संस्थेची. जागेच्या कागदावर कोणी सही करायची हे ठरलेले नसेल, तर अनुदान मंजूर असूनही माणूस उन्हातच बसतो. वर अतिक्रमणविरोधी पथकाच्या लेखी तो बेकायदा. अधिकार देणारा विभाग झोपलेला आणि उचलून नेणारा विभाग जागा, हा योगायोग मला आजवर उलटा झालेला दिसला नाही.

वास्तविक २०१४चा पथविक्रेता अधिनियम येथे ढाल आहे. तो केवळ भाजीवाल्यांचा नाही. रस्त्यावर सेवा देणाराही त्याच्या व्याख्येत येतो. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला हटवता येत नाही, असे तो सांगतो. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या, त्यांतील एक तृतीयांश स्त्रियांच्या, आणि त्यांत अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व. जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्यास त्याच दिवशी, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत. जुन्या नियमांशी विसंगती आली तर हाच कायदा वरचढ ठरतो. म्हणूनच परवान्याचे नियम नव्याने लिहिताना केवळ पदनामे खोडून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट खोडायला हवी. निदान तिच्याकडे बोट तरी दाखवायला हवे. कातडी, हाडे, चरबी यांची साठवण आणि प्रक्रिया ‘धोकादायक’ वा ‘उपद्रवकारक’ धंद्यांच्या परवान्यात येते. आरोग्यासाठी नियंत्रण हवे, यात वाद नाही. पण ज्या समाजाला ही कामे जातीने लादली गेली, त्याच्यासाठी हा शब्द कोरा उरत नाही. वास अडवा, माणसाला उपद्रव ठरवू नका.

कागद आणि हात यांच्यातले हे अंतर आपल्याला नवे नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. त्याच्या अंमलबजावणीसाठी कोणीही हलले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. नगरपालिकेचा ठराव काय करू शकतो आणि काय करीत नाही, हे आपण तेथे शिकलो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी परवान्यासाठी भांडताना प्रथम एक साधा कागद मागावा: परवाना, जागा आणि जप्ती यांचे अधिकार आज कोणत्या पदाकडे आहेत, कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेच्या. माहिती अधिकार अधिनियम २००५च्या कलम ४प्रमाणे अधिकाऱ्यांचे अधिकार आणि परवाने मिळालेल्यांचा तपशील कोणी न मागताच जाहीर करायचा असतो. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५खाली अधिसूचित सेवांची यादी, प्रत्येक सेवेचा पदनिर्देशित अधिकारी, मुदत आणि अपिलाचे अधिकारी फलकावर लावायचे असतात. विनाकारण दिरंगाई केल्यास त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज तोंडी कधीच परत घेऊ नये. ‘माझ्याकडे नाही’ हे उत्तर आले, तर तेच लिहून, सही-शिक्क्यासह मागावे, आणि अर्ज ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे पाठवल्याची पोच घ्यावी. कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी सुटीच्या एका दिवशी आपापल्या प्रभाग कार्यालयातला फलक पाहून यावा. त्यावरच्या पदांवर आज प्रत्यक्ष कोण बसले आहे, तेवढेच आधी लिहून काढावे.