झिजण्याचा हिशेब

निपाणी सोडून दक्षिणेकडे निघालं की तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी आणि मग बेळगाव. पुणे-बंगळुरू महामार्गाचा हा तुकडा. कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग ४८, जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी अजूनही एन.एच. फोर. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या शेतवाटांवरची माती चाकांबरोबर डांबरावर आणतात. ती वाळते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक टायरखाली तिचे कण रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या घासत राहतात.

या पट्ट्यांचा रंग डब्यातला नसतो. थर्मोप्लास्टिकची भुकटी सुमारे १८० अंशांवर वितळवून अडीच मिलिमीटर जाडीचा थर अंथरतात. त्यात काचेचे बारीक मणी मिसळलेले असतात आणि थर गरम असतानाच वरूनही शिंपडतात. रात्री हेडलाइटचा उजेड ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे परत पाठवतात ते हेच मणी. वरचे मणी वर्दळीने लवकर निघून जातात, मग थर झिजत जातो तसे पोटातले मणी उघडे पडतात. अजिबात न झिजणारी पट्टी दिवसा छान दिसेल, पण रात्री आंधळी होईल. भराभर झिजणारी पट्टी पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकणारच नाही. म्हणून इथे झीज हा दोष नाही. ती किती वेगाने होते, हे महत्त्वाचं. ‘घासून जात नाही तो रंग चांगला’ हे आपण सरसकट म्हणतो, ते इथेच अपुरं पडतं.

झीज मोजायच्या रीती अनेक आहेत आणि प्रत्येकीचा प्रश्न वेगळा आहे. सगळ्यांत साधी रीत वाळूची. सुमारे ९१ सेंटिमीटर लांबीच्या उभ्या नळीतून ठरावीक जाडीची वाळू खाली ४५ अंशांत तिरक्या धरलेल्या रंगीत पत्र्यावर सोडत राहायची. रंग जाऊन पत्रा उघडा पडेपर्यंत किती लिटर वाळू लागली, ते रंगाच्या जाडीने भागायचं. वाळूही कुठलीही चालत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ मिळणारी गोल दाण्यांची सिलिका वाळू यासाठी प्रमाण मानली जाते, कारण दाणे टोकदार निघाले तर सगळा हिशेब बदलतो.

दुसरी रीत टेबर यंत्राची. तिच्यासाठी याच रस्त्यावर हत्तरगीला थांबायला हवं. तिथे एक्वस कंपनीने उभारलेलं सुमारे २५० एकरांचं विशेष आर्थिक क्षेत्र आहे. तिथे विमानांचे सुटे भाग घडतात आणि त्यांच्यावरची पृष्ठप्रक्रियाही तिथेच होते. विमानाच्या कामात अ‍ॅल्युमिनियमवर हार्ड अ‍ॅनोडायझिंग करतात. शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेल्या गंधकाम्लात भाग बुडवून वीज सोडतात आणि धातूच्याच पृष्ठभागातून साधारण ५० मायक्रॉनचा ऑक्साइडचा कठीण थर उगवतो. हा थर वरून लावलेला नसतो. त्याचा निम्मा भाग धातूच्या आत असतो. घरातली काळपट हार्ड अ‍ॅनोडाइज्ड कढई याच प्रक्रियेतून निघते.

चाचणीत थर घासून जातो, म्हणून ती खऱ्या भागावर करत नाहीत. त्याच जातीच्या धातूची चौकोनी पट्टी त्याच टाकीत तयार करतात आणि तिची परीक्षा घेतात. पट्टी फिरत्या तबकडीवर बसवली की दोन छोटी चाकं तिच्यावर टेकतात, प्रत्येकावर एक किलो वजन. चाकं रबरासारख्या चिवट पदार्थाची असतात आणि त्यांच्यात कुरुंदासारखे कठीण कण मिसळलेले असतात. त्यांचा आस तबकडीच्या केंद्रातून जात नाही, बाजूला सरकवलेला असतो. म्हणून चाकं नुसती गडगडत नाहीत, फरपटतात. एक आतून बाहेर घासतं, दुसरं बाहेरून आत. पट्टीवर एकमेकांना छेदणाऱ्या कमानींचं कडं उमटतं. निघालेला चुरा शेजारची नळी सतत ओढून घेते. तो राहिला तर चाकांत भरतो, चाकं गुळगुळीत होतात आणि थर आहे त्यापेक्षा मजबूत भासतो. त्यासाठीच चाकांनाही अधूनमधून घासून ताजं करावं लागतं.

अमेरिकी लष्करी मानकानुसार अशा १०,००० फेऱ्या होतात. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर पावणेतीन तासांहून जास्त. दर १००० फेऱ्यांमागे सरासरी दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त वजन घटता कामा नये, म्हणजे अखेरपर्यंत तांदळाच्या एका दाण्याच्या आसपास. पण मिश्रधातूत तांबं दोन टक्के किंवा जास्त असेल तर साडेतीन मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे, कारण अशा धातूवर ऑक्साइडचा थर तितका घट्ट येत नाही. मला या चाचणीतली हीच गोष्ट सर्वांत प्रामाणिक वाटते: कसोटी ठरवताना खालच्या धातूचा स्वभावही धरलेला आहे.

तरीही या आकड्यांची तुलना जपूनच करावी. जड रंगद्रव्य असलेला थर तेवढ्याच जाडीने झिजला तरी वजनाने जास्त घटतो. दोन प्रयोगशाळांचे आकडेही सहसा जुळत नाहीत. एकाच यंत्रावर, त्याच चाकांनी, शेजारी-शेजारी घासलेल्या दोन नमुन्यांची तुलनाच भरवशाची.

घरच्या भिंतीचा प्रश्न पुन्हा वेगळा. तिला चाकं नाहीत, ओलं फडकं सोसायचं असतं. आंतरराष्ट्रीय पद्धतीत रंगाचा थर ओल्या घासणीखाली २०० वेळा मागेपुढे घासतात आणि किती मायक्रॉन गेले ते काढतात. पाचपेक्षा कमी गेले तर रंग पहिल्या वर्गाचा. स्वस्त रंग इथे मार खातो, तो त्यातल्या खडूमुळे. रंगद्रव्य आणि खडूसारखी भर यांच्या कणांमधल्या सगळ्या फटी भरायला चिकटद्रव्य पुरलं पाहिजे. भर एका मर्यादेपलीकडे गेली की फटींत हवा राहते. रंग उलट जास्त पांढरा आणि झाकणारा दिसतो, पण टेकलं की सदऱ्याला लागतो. दुकानात दिसणारा पांढरेपणा टिकाऊपणाची खूण नाही, हे गिऱ्हाइकाला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

आणखी एक तपशील दिवाळीच्या रंगकामासाठी मोलाचा आहे. या चाचणीत रंग लावल्यावर थर तब्बल २८ दिवस वाळू देतात, तेही नियंत्रित हवेत. बेळगावात परतीचा पाऊस ऑक्टोबरातही रेंगाळतो आणि पेंटर वसुबारसेच्या आदल्या दिवशी शिडी उचलतो. फराळाचे तेलकट हात भिंतीला लागले तर सणात लगेच ओल्या फडक्याने जोर लावू नये. डाग कोरड्या मऊ कापडाने टिपून घ्यावा आणि धुणं-पुसणं महिनाभर पुढे ढकलावं. डब्यावर ‘वॉशेबल’ लिहिलेलं असतं ते त्या पूर्ण वाळलेल्या थराबद्दल.