घर्षण आणि झीज : पोलादावरील लेपांची निवड

पोलादी भागांवर द्यावयाच्या लेपांचा विचार करताना 'घर्षण कमी म्हणजे झीज कमी' असे बहुधा गृहीत धरले जाते. हा घोटाळा काही अंशी शब्दांचा असल्याने भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अगदीच अस्थानी ठरू नये. ब्रिटनमधील पीटर जोस्ट यांच्या समितीने १९६६ साली या विषयाला 'ट्रायबॉलॉजी' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'ट्रिबॉस' म्हणजे घासणे. घर्षण, झीज व वंगण ही तिन्ही या एका नावात येतात. त्यास 'घर्षणशास्त्र' असा प्रतिशब्द योजला, तर झीज बाहेरच राहते.

वस्तुतः घर्षण म्हणजे सरकण्यास होणारा विरोध, आणि झीज म्हणजे पृष्ठावरील द्रव्य निघून जाणे. सहाणेवर चंदन उगाळताना विरोध दोहोंना सारखाच होतो. झिजते ते मुख्यतः चंदन. टेफ्लॉनचा घर्षणगुणांक ०.०५ ते ०.१० इतका अल्प असतो, परंतु वाळूचा कण त्यात सहज रुततो व चरा पाडून जातो. स्वच्छ, बंदिस्त जागी असा लेप उत्तम. धुळीत तो टिकत नाही.

खोदाई यंत्राच्या, म्हणजे आपल्याकडे ज्यास सर्रास 'पोकलेन' म्हणतात त्याच्या, पिस्टनचा दांडा घ्या. तो दिवसभर धुळीत आतबाहेर करतो. येथे पहिला प्रश्न लेपाचा नव्हे, धुळीचा होय. टोकदार कणास पृष्ठावर चरा पाडावयाचा तर तो पृष्ठाहून सुमारे १.२ पट कठीण असावा लागतो. विकर्स मापाने गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे, काठिण्य ११०० च्या आसपास असते, तर कठीण क्रोमच्या मुलाम्याचे ८०० ते १०००. म्हणजे क्रोम अगदी उंबरठ्यावर उभे आहे! दख्खनच्या काळ्या पाषाणातील मुख्य खनिजे, फेल्डस्पार व पायरॉक्सीन, गारगोटीहून मऊ असतात. त्यांच्या धुळीत क्रोम पुष्कळ काळ निभावते. तोच दांडा गारगोटीयुक्त वाळूत नेला की चरे पडू लागतात, त्या चऱ्यांनी रबरी सील फाटते आणि तेल गळते. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतही गारगोटी भरलेली आढळते, हेही विसरता कामा नये. केवळ प्रदेशाच्या नावावरून निर्णय करू नये, धूळ तपासावी.

मग सर्वांत कठीण तो लेप घ्यावा काय? हिऱ्यासदृश कार्बनचा लेप कठीणही असतो आणि त्याचे घर्षणही कमी असते. तथापि त्याची जाडी सामान्यतः १ ते ५ मायक्रॉन. वाळूचा कण त्याहून कितीतरी मोठा असतो. त्याच्या दाबाखाली मऊ पोलाद दबते आणि वरचा थर, ओल्या चिखलावरील सुकलेली खपली पायाखाली फुटावी तसा, फुटतो. हा लेप द्यावयाचा तर खालचे पोलाद आधी नायट्राइडिंगने वा अन्य रीतीने कठीण करून घेणे अवश्य आहे.

गारगोटीच्या वाळूत दांड्यासाठी माझी पसंती, कोबाल्ट-क्रोमच्या बंधनात बसविलेल्या आणि ज्वालेच्या अतिवेगवान झोताने फवारलेल्या टंगस्टन कार्बाइडला राहील. त्याचे काठिण्य साधारणतः ११०० ते १३००, जाडी १०० ते ३०० मायक्रॉन. (क्रोमचा 'मुलामा' रासायनिक कुंडात चढतो, हा 'लेप' फवारला जातो, हे दोन शब्द वेगळे राखलेले बरे.) क्रोमच्या कुंडातील षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइड विशेष परवानगीवाचून वापरता येईनासे झाले, हेही कार्बाइडकडे वळण्याचे एक कारण होय.

मात्र फवारलेला लेप जसाच्या तसा खरखरीत ठेवल्यास तो स्वतःच सील खाऊन टाकतो. म्हणून हिरकणी बसविलेल्या चाकाने तो घासून नितळ करावा लागतो, आणि हा खर्च अंदाजपत्रकात प्रथमपासूनच धरावा.