एमआरआयची सीडी कपाटात आहे ना?

एमआरआय तपासणीनंतर रुग्णाच्या हाती सहसा अहवाल, फिल्म आणि सीडी येते. अहवाल व फिल्म जपून ठेवली जाते. सीडी मात्र घरात कुठेतरी पडून राहते. वास्तविक तीच सर्वांत मोलाची. तपासणीत शेकडो प्रतिमा टिपल्या जातात, फिल्मवर त्यांतील निवडकच उमटतात. सीडीवर सर्व प्रतिमा ‘डायकॉम’ स्वरूपात असतात. मेंदूतील गाठ वाढली की आहे तेवढीच राहिली, हे ठरविताना डॉक्टरांना जुन्या प्रतिमा नव्यांशेजारी ठेवून पाहाव्या लागतात. केवळ अहवालावरून ही तुलना नीट होत नाही. काणकोण किंवा सावंतवाडीहून बांबोळीला गोमेकॉत येणाऱ्या रुग्णाला सीडीसाठी पुन्हा घरी फेरी मारणे परवडणारे नसते.

अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपना सीडीचा कप्पाच नसतो. त्यामुळे सीडीवरील संपूर्ण फोल्डर वेळीच पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा. मोबाइलवर टिपलेले फिल्मचे छायाचित्र त्याची जागा घेऊ शकत नाही.

रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची नियमावली सांगते. दाखल रुग्णांच्या नोंदी जपण्याचे बंधन मात्र उपचार सुरू झाल्यापासून अवघे ३ वर्षांचे. त्यामुळे लेखी अर्ज घरी परतण्यापूर्वीच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.