पिकअप गाडीचा इंधनपंप : दोष कसा ओळखावा व पंप कसा बदलावा

मेहरूणची बोरे हिवाळ्यात बाजारात येतात, तर रावेर-यावलकडील केळी जवळजवळ वर्षभर बाहेर जातात. हा माल शेतातून हलविण्याचे काम पूर्वी बैलगाडी करीत असे. आज ते बव्हंशी पिकअप गाडीकडे आले आहे. बैलाने चारा सोडला तर काय पाहावे, हे आपल्या शेतकऱ्यास ठाऊक असते. गाडी चढावर दम टाकू लागली म्हणजे मात्र तो गोंधळून जातो. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात कापलेले घड भरून गाडी रस्त्यात बंद पडणे म्हणजे माल हातचा जाणे होय.

अशा वेळी "पंप गेला" असे अनुमान काढून नवा पंप आणला जातो. परंतु तो बसवूनही गाडी पूर्ववत अडखळते, असे अनेकदा घडते. कारण दोष पंपात नसतोच. म्हणून आधी तपासणी, मग खरेदी, हा नियम पाळावा.

इंधनाचा मार्ग

विहिरीवरील एका सिलिंडरच्या ऑइल इंजिनात डिझेलची टाकी बहुधा इंजिनाहून उंच असते. डिझेल आपल्या वजनाने खाली येते. पिकअपची टाकी खाली चासीला असते. म्हणून डिझेल ओढून वर आणण्यास एक लहान पंप लागतो. त्यास फीडपंप म्हणतात. तो डिझेल फिल्टरमधून पुढे मोठ्या इंजेक्शन पंपाकडे पाठवितो व तेथून ते अतिशय दाबाने नोझलकडे जाते.

जुन्या यांत्रिक पद्धतीच्या डिझेल गाड्यांत फीडपंप इंजिनाच्या किंवा इंजेक्शन पंपाच्या बाजूस दोन-तीन नटांनी बसविलेला असतो. तो घरी बदलता येतो. इंजेक्शन पंप मात्र घरी कधीही उघडू नये. नव्या कॉमन रेल गाड्यांत दाब १,००० बारहून अधिक असतो. त्या गाड्यांत खालील तपासणीपैकी पहिल्या दोनच बाबी घरी पाहाव्यात व पुढील काम जाणकार मेकॅनिकवर सोपवावे.

तपासणीचा क्रम

गाडी सुरू होऊन लगेच बंद पडणे, भार घेतल्यावर ओढ कमी होणे व सकाळी फार वेळ सेल्फ मारावा लागणे, ही इंधन कमी पोहोचत असल्याची लक्षणे होत. अशा वेळी पुढील क्रमाने पाहावे.

१. टाकीचे झाकण : गाडी अडखळू लागताच झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा आवाज होऊन गाडी पुन्हा नीट चालू लागली, तर हवेचे छिद्र बुजले आहे असे समजावे. ते साफ केले की काम झाले.

२. फिल्टर : फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे व काही वेळ स्थिर ठेवावे. पाणी असल्यास ते तळाशी बसते. फिल्टर काळा पडला असेल अथवा त्याची मुदत संपली असेल, तर प्रथम तोच बदलावा. फीडपंपाच्या तोंडाशी जाळी असल्यास तीही धुवावी.

३. हवा धरणे : फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून फीडपंपाचा हातपंप दाबावा. बुडबुडे थांबतच नसतील, तर टाकी ते पंप या नळीत कोठेतरी फट आहे. येथे पंप डिझेल ओढत असल्याने फटीतून डिझेल गळण्याऐवजी हवा आत जाते. म्हणून नळी बाहेरून कोरडी दिसली तरी फसू नये. तडकलेली रबरी नळी, सैल पट्टी व झिजलेले वायसर बदलावे.

४. वेगळ्या डब्यातून इंधन : पंपाच्या येणाऱ्या तोंडास स्वच्छ नळी जोडून ती गाळलेल्या डिझेलच्या डब्यात सोडावी. आता इंजिन व्यवस्थित चालले, तर दोष टाकीत किंवा नळीत आहे. पंप चांगला आहे.

५. पंपाची धार : वरील सर्व ठीक असेल, तर पंपाची जाणारी नळी सोडवून तिचे तोंड बाटलीत धरावे व दुसऱ्या माणसाने थोडा सेल्फ मारावा. इंजिन बंद करण्याची दांडी असल्यास ती ओढून ठेवावी. ठोक्याठोक्याने जोराची धार आली पाहिजे. धार मंद असेल व हातपंपही पोकळ लागत असेल, तर पंपाच्या झडपा किंवा पडदा निकामी झाला आहे.

ऑइलची कांडीही पाहावी. ऑइलची पातळी वाढली असेल व त्यास डिझेलचा वास येत असेल, तर पडदा फाटून डिझेल इंजिनात उतरत असण्याचा संभव आहे. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवू नये. पंपाबरोबर ऑइलही बदलावे.

पंप बदलणे

काम इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत करावे. चाकांस दगड लावावेत व बॅटरीची ऋण तार काढावी. बिडी व दिवा जवळ नसावा. पंपाभोवतीची धूळ ब्रशने धुऊन मगच नट सोडवावेत, कारण धुळीचा एक कण आत गेला तरी पुढील पंपाची हानी होते. नळ्यांवर खूण करून त्यांची तोंडे स्वच्छ टोप्यांनी बंद करावीत.

नट आळीपाळीने सैल करून पंप काढावा. जुने पॅकिंग खरवडून टाकावे. नवा पंप त्याच क्रमांकाचा व पॅकिंग त्याच जाडीचे असावे, अन्यथा पंपाचा ठोका कमीअधिक होतो. नट आळीपाळीने व समान आवळावेत. तांब्याचे वायसर नवे घालावेत.

नंतर हातपंप दाबून आधी फिल्टरच्या, मग इंजेक्शन पंपाच्या स्क्रूतून हवा काढावी. बुडबुड्याविना डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळून गाडी सुरू करावी. दहा मिनिटे चालवून कोठे गळती नाही ना, हे पाहावे.

विशेष सूचना

नोझलकडील नळीची गळती हाताने चाचपू नये. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसली तरी ती गंभीर असते. रोग्यास विनाविलंब मोठ्या रुग्णालयात न्यावे. पेट्रोलच्या गाड्यांत विजेचा पंप बहुधा टाकीतच असतो व पेट्रोलची वाफ ठिणगीने पेट घेते. तेथे फक्त फ्यूज तपासावा. टाकी घरी उघडू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही तपासणी हंगामापूर्वी एखाद्या गाडीवर शेतकऱ्यांस प्रत्यक्ष करून दाखवावी. ट्रॅक्टरला फीडपंप असल्यास त्यासही हाच क्रम लागू पडतो. एक बाटली, हातभर नळी व दोन पाने एवढ्या साहित्यात जो दोष सापडतो, त्यासाठी नव्या पंपाची किंमत मोजण्याचे कारण नाही.