शाळेचा सर्व्हर बंद पडतो तेव्हा

शाळेत संगणक एकदा आले म्हणजे ते कायमचे आले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. माध्यमिक शाळांतून संगणक-शिक्षण सुरू व्हावे म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २००४ मध्ये एक योजना हाती घेतली आणि पुढील काळात खेड्यापाड्यांतील कित्येक शाळांत ही यंत्रे पोहोचली. त्या वेळी त्यांपुढे बसलेली मुले आज आईबाप झाली आहेत; परंतु यंत्राचे वय माणसाच्या वयाप्रमाणे मोजावयाचे नसते. दहा वर्षांचा संगणक हा वृद्धच समजावा. अशा वृद्ध यंत्रांचा कारभार एके दिवशी अकस्मात थांबला तर शाळेने काय करावे, आणि पालकांनी कोणती दक्षता बाळगावी, याविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्हास वाटते.

संगणक-वर्गात यंत्रे वीस असली तरी त्यांचा कारभारी बहुधा एकच असतो. त्यास सर्व्हर म्हणतात. कोणाला आत घ्यावयाचे, कोणाचा परवलीचा शब्द कोणता, जाळ्यातील कोणत्या यंत्रास कोणता क्रमांक द्यावयाचा, हे सारे तो ठरवितो. मुलांचे काम, गुणपत्रके, हजेरी आणि फीचा हिशेब यांचे दप्तरही पुष्कळदा त्याच्याच स्वाधीन असते. म्हणून तो थांबला की बाकीची यंत्रे धडधाकट असूनही मुकी होतात. हे जर दाखले देण्याच्या ऐन हंगामात घडले, तर दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलाचा पुढील प्रवेश अडून बसतो. यंत्राची किंमत आज ना उद्या भरून काढता येते. मुलाचे वाया गेलेले वर्ष मात्र भरून निघत नाही.

यातूनच पहिला नियम निघतो: दप्तर आधी, यंत्र मागाहून. सर्व्हर बंद पडताच घाबरून तो पुनःपुन्हा चालू-बंद करणे, अथवा जो कोणी जाणकार भेटेल त्याच्याकडून त्यावर नवी प्रणाली घालून घेणे, यासारखा घातक उपाय नाही. नवी प्रणाली जुन्या दप्तरावर लिहिली गेली की जे वाचविता आले असते तेही हातचे जाते. तेव्हा वीज बंद करावी, काय घडले ते वहीत लिहून ठेवावे, आणि मगच दोष शोधावा.

दोष पुष्कळदा लहानसाच निघतो. वीज पुरविणाऱ्या पेटीतील कपॅसिटर फुगतात; पंख्यात धूळ दाटून यंत्र तापते; मेमरीच्या पट्टीवर मळ बसतो. अशा वेळी सर्व्हर निर्जीव दिसला तरी ज्या डिस्कवर दप्तर लिहिलेले असते ती शाबूत असू शकते, आणि ती काढून दुसऱ्या यंत्रास जोडली की सारे वाचता येते.

डिस्कच बिघडली असेल तर गोष्ट नाजूक होते. जुन्या पद्धतीच्या डिस्कमधील तबकड्या मिनिटास सामान्यतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारे टोक त्यांच्यापासून केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. आतून टकटक असा आवाज येऊ लागला तर हे टोक बिघडल्याचा संशय धरावा. ती डिस्क चालवीत राहू नये आणि घरी उघडू तर मुळीच नये. ते काम विशेष प्रयोगशाळेचे आहे. आवाज नसेल आणि डिस्क केवळ अडखळत वाचत असेल, तर प्रथम तिची संपूर्ण नक्कल करून घ्यावी. 'डीडीरेस्क्यू' नावाचा एक विनामूल्य प्रोग्रॅम आधी सुस्थितीतील भाग उतरवून घेतो आणि मगच खराब भागाकडे वळतो. पुढील सारी खटपट त्या नकलेवर करावी. मूळ डिस्क बाजूस ठेवावी.

येथे कोणी म्हणेल की आमच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्का आहेत, एक गेली तरी दुसरी आहेच. ही सोय चांगली खरी. परंतु तिला बॅकअप म्हणता येत नाही. एका डिस्कवर जे खोडले जाते ते त्याच क्षणी दुसरीवरही खोडले जाते, आणि वीज कोसळली तर दोन्ही एकदमच जळू शकतात. बॅकअप म्हणजे वेगळ्या जागी ठेवलेली आणि वापरून पाहिलेली नक्कल. यांतील 'वापरून पाहिलेली' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत.

मोठ्या घरचेही वासे याच ठिकाणी पोकळ निघतात. अमेरिकेतील पिक्सार या प्रसिद्ध चित्रसंस्थेत १९९८ साली 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असता एका चुकीच्या आज्ञेने त्याचा बराच मोठा भाग संगणकांवरून पुसला गेला. बॅकअप होताच, पण तो कित्येक दिवस नीट होत नव्हता, हे प्रसंग ओढवल्यावर कळले. गॅलिन सुसमन या बाई त्या सुमारास बाळंतपणानंतर घरून काम करीत असत. त्यांच्या घरच्या यंत्रावर एक नक्कल होती. ते यंत्र जपून मोटारीतून आणले गेले आणि त्यायोगे काम सावरले. शेतकरी पेरणीपूर्वी मूठभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहतो, तो उगाच नव्हे. न पाहिलेला बॅकअप हा उगवण न पाहिलेल्या बियाण्यासारखाच होय.

दप्तर हाती आले की जाळे उभारावयाचे. प्रथम वीज, मग तारा व स्विच, मग सर्व्हर, त्यानंतर एकच यंत्र जोडून पाहावे आणि ते चालले तरच बाकीची जोडावीत. जुन्या यंत्रांत घड्याळासाठी नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. आणि विंडोजच्या सर्व्हरवरील जाळ्यात घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक तफावत पडली की सामान्यतः प्रवेशच नाकारला जातो. थोडक्या पैशांच्या बॅटरीपायी सारा दिवस खर्ची पडावा, हे टाळता येण्याजोगे आहे.

मात्र जुनीच प्रणाली पुन्हा घालू नये. विंडोज सर्व्हर २००३ ची देखभाल कंपनीने जुलै २०१५ मध्ये थांबविली, आणि २००८ या आवृत्तीची सर्वसाधारण देखभाल जानेवारी २०२० मध्ये संपली. ज्या प्रणालीची दुरुस्ती होत नाही ती बिनकडीच्या दारासारखी असते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने शंभराहून अधिक देशांतील संगणकांची दप्तरे अडवून खंडणी मागितली. दोन महिने आधी निघालेली दुरुस्ती ज्यांनी करून घेतली नव्हती, अशांची यंत्रे त्यात सापडली. खर्चाची अडचण असेल तर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली पुष्कळशा जुन्या यंत्रांवरही चालते. केरळातील सरकारी व अनुदानित शाळांनी २००१ साली सुरू झालेल्या संगणक-प्रकल्पातून हाच मार्ग धरला, आणि शिक्षकांनाच त्याचे शिक्षण दिले. बाहेरचा कारागीर येईपर्यंत शाळा खोळंबू नये, याचे इंगित या दुसऱ्या गोष्टीत आहे.

आता पालकांविषयी. पालकसभेत पंख्यांचा व प्रसाधनगृहांचा प्रश्न निघतो, तो निघावाच. त्याजबरोबर आणखी तीन प्रश्न विनयाने विचारावेत. शाळेच्या दप्तराच्या मूळ प्रतीखेरीज आणखी दोन नकला आहेत काय? त्यांपैकी एक शाळेच्या इमारतीबाहेर, यंत्रापासून सोडवून, कुलुपात ठेवली जाते काय? आणि त्या नकलेतून एखादे गुणपत्रक परत काढून शेवटचे केव्हा पाहिले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'कधीच नाही' असे आले तर रागावू नये. त्याच आठवड्यात ते करून पाहण्याचा आग्रह धरावा. परवलीचे शब्द व यंत्रांचे क्रमांक लिहिलेली एक वही मुख्याध्यापकांच्या कपाटात असावी, म्हणजे एका शिक्षकाची बदली झाली तरी कारभार अडत नाही.

घरीही थोडे करण्याजोगे आहे. मुलाचा जन्मदाखला, गुणपत्रके आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती घरच्या पेटीत ठेवाव्यात. निकालाचा दिवस उजाडण्याची वाट न पाहता, या महिन्यातच एका संध्याकाळी ती पेटी उघडून कोणता कागद कमी आहे ते पाहावे, आणि तो मागून घ्यावा. शाळेचा सर्व्हर आज सुरळीत चालला आहे, तोवरच हे काम सोपे आहे.