मराठी ख्रिस्ती मंडळी आणि ऐक्याचा प्रश्न

हिंगोलीच्या श्रोत्यांना नर्सी आणि औंढा ही दोन गावे निराळी सांगायला नकोत. नर्सीचे नामदेव विठ्ठलाचे भक्त. पण गुरूच्या शोधात ते औंढ्याला, शिवाच्या देवळात, विसोबा खेचरांकडे गेले अशी परंपरा आहे. तेव्हा एका देवाला मानणाऱ्यांत पंथ कसे पडतात, आणि ते जवळ येऊ लागले म्हणजे कुठे अडते, हा प्रश्न आपल्याला परका नाही. आज तो ख्रिस्ती समाजाच्या बाबतीत पाहू या.

आपल्या भागातला ख्रिस्ती शेतकरी अमुक एका पंथाचा का, याचे उत्तर बहुधा धर्मशास्त्रात सापडत नाही; ते नकाशात सापडते. अहमदनगरला १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन आले, ते काँग्रिगेशनल. जालन्याला १८६० नंतरच्या दशकात नारायण शेषाद्री यांनी काम मांडले, ते स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे. जालन्याजवळचे बेथेल गाव त्यांनीच वसवले. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटी होती, ती अँग्लिकन. बीदरकडे मेथडिस्ट. एकाने दुसऱ्याच्या हद्दीत काम करू नये असा मिशनांचा आपसात समझोता असे. भांडणे टळावीत हा हेतू चांगलाच होता. पण परिणाम असा झाला, की स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात तीनशे वर्षांपूर्वी जो वाद पेटला त्याची वाटणी जालना आणि औरंगाबाद यांच्यात झाली. आणि ज्यांच्यात झाली त्यांना त्या वादाची गंधवार्ताही नव्हती! ज्या मिशनचा टांगा आधी पोचला, तो आपला पंथ.

हे पंथ एकमेकांपासून वेगळे कशात? शिक्षकबंधूंना वर्गात सांगायचे झाल्यास आपल्या कारभाराचाच दाखला घ्यावा. काँग्रिगेशनल मंडळी म्हणजे ग्रामसभा : गावच्या मंडळीने ठरवले ते ठरले, वर कोणी नाही. प्रेस्बिटेरियन म्हणजे पंचायत : निवडलेले वडील आणि पाळक एकत्र बसून कारभार पाहणार. अँग्लिकनांकडे बिशप, आणि त्याचा अधिकार ख्रिस्ताच्या पहिल्या शिष्यांपासून, डोक्यावर हात ठेवण्याच्या विधीने, अखंड चालत आला अशी त्यांची श्रद्धा. बॅप्टिस्ट आणि ब्रदरन यांचा मुद्दा तिसराच. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा ते करीत नाहीत. ज्याला कळते त्यानेच स्वतः होऊन घ्यावा, असे ते म्हणतात.

आता यांना एक करायचे म्हणजे काय काय सोडवावे लागेल, ते पाहा. दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. तिथे जुन्या पाळकांना होते तसेच स्वीकारले आणि पुढचे सर्व पाळक बिशपच्या हातून नेमायचे ठरले. एक पिढी गेली की फरक आपोआप मिटेल, असा हिशेब. उत्तरेकडच्या वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या तर १९२४ सालीच एक झाल्या होत्या. शेवटी २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा मंडळ्यांचे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. इथे युक्ती वेगळी केली. सर्व मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी, बिशपांसकट, एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले, आणि आमच्यात जे उणे असेल ते देवाने भरावे अशी प्रार्थना केली. उणे कोणाचे, हे कोणीही बोलले नाही. मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते. सोयरिकीच्या बैठकीत जुनी उणीदुणी मोजायची नसतात, हे आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊकच आहे.

बाप्तिस्म्याच्या बाबतीत दोन्ही रीती चालू ठेवल्या. आईबापांना वाटले तर तान्हेपणी करावा. नाही तर मुलाला आशीर्वाद घेऊन थांबावे आणि जाणतेपणी करावा.

पण सगळेच आले नाहीत. वाटाघाटीत शेवटपर्यंत असलेली मेथडिस्टांची मोठी मंडळी ऐन वेळी १९७० मध्ये बाजूला झाली. १९८१ पासून ती मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वतंत्र आहे. आणि जमिनीचे काय? गुजरातेत ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विश्वस्त संस्थेची मिळकत नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने दुसऱ्याकडे जात नाही, असा निकाल २०१३ साली लागला. प्रार्थनेने जुळलेले सातबाऱ्यावर जुळायला वेगळे कष्ट पडतात.

याहून खोल गोष्ट त्या योजनेच्या कागदांत नव्हतीच. महार समाजातून आलेले ख्रिस्ती आणि मांग समाजातून आलेले ख्रिस्ती एका बाकावर बसून गात, पण सोयरीक ठरवायची वेळ आली की जुनी जात आठवे. काँग्रिगेशनल की अँग्लिकन, हे मुलीच्या बापाने क्वचितच विचारले असेल. बिशपांवर चाळीस वर्षे चर्चा झाली. या गोष्टीवर तेवढी झाली असती तर बरे झाले असते.

गाण्याने मात्र हद्दी केव्हाच ओलांडल्या होत्या. नारायण वामन टिळक अमेरिकन मिशनचे. पण त्यांची पदे आणि अभंग सगळ्याच मराठी मंडळ्यांच्या उपासनेत आले. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात तर बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. तेथे ऐकणाऱ्याला कोणी पंथ विचारीत नसे.

कॅथॉलिकांची गोष्ट निराळी. १९७७ साली औरंगाबादेत त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर त्यांची उपासना लॅटिन सोडून लोकभाषेत आली, आणि इतर ख्रिस्ती हे वेगळे पडलेले भाऊ आहेत असे त्यांनी लिहून मान्य केले. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा आठवडा ऐक्याच्या प्रार्थनेचा म्हणून अनेक ठिकाणी पाळतात. प्रॉटेस्टंट माणूस कॅथॉलिक झाला आणि त्याचा पहिला बाप्तिस्मा पाण्याने व पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला असला, तर तो पुन्हा करीत नाहीत. दोघांचे लग्न लागायचे असेल तर कॅथॉलिक पक्षाला बिशपची परवानगी काढावी लागते. प्रभुभोजनाच्या मेजाशी मात्र ते नवराबायको सहसा अजून वेगवेगळेच जातात.