बाभळीचं नाव आणि कमळाचं गोत्र

बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली-मेहकरकडच्या शेतकऱ्याला बांधावरची बाभूळ कुणी ओळखून द्यावी लागत नाही. शेंगा शेळ्यांना, फांद्या कुंपणाला, लाकूड औताला. शास्त्राच्या दप्तरी मात्र तिचं नाव बदललं. 'अकेशिया' ही मोठी प्रजाती एका वंशाची नाही, हे उघड झाल्यावर ती फोडावी लागली. ते नाव मुळात बाभळीशी बांधलेलं होतं. पण ऑस्ट्रेलियातल्या हजारभर जातींची नावं बदलू नयेत म्हणून २००५ साली व्हिएन्नाच्या परिषदेत ते तिकडच्या झाडांना दिलं गेलं. आपली बाभूळ झाली 'वाचेलिया निलोटिका'.

असे बदल आणि नव्या जातींची वर्णनं शास्त्रीय प्रकाशनांत ठरतात. आपल्याकडे हे काम करणारं एक नियतकालिक म्हणजे 'निलुंबो'. १८९० साली स्थापन झालेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं ते १९५९ मध्ये 'बुलेटिन' म्हणून सुरू केलं. २००९ पासून ते या नावानं निघतं. निलुंबो म्हणजे कमळ. मला हे नाव फार समर्पक वाटतं. कमळाला पूर्वी कुमुदिनीच्या कुळात बसवत. पानं पाण्यावर, फुलं पाण्यावर, मग दुसरं काय वाटणार? डीएनएनं सांगितलं की त्याचं जवळचं नातं चिनारासारख्या जमिनीवरच्या वृक्षाशी आहे.

बुलढाण्याची झाडं नोंदीत यायला मात्र फार उशीर झाला. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ दरम्यान निघाला, पण बुलढाणा वऱ्हाडात, म्हणजे इलाख्याच्या हद्दीबाहेर. लोणारच्या विवराचा काठ, अंबाबरव्याचा सातपुडा त्या पानांत येणारच नव्हता. ती उणीव पी. जी. दिवाकर आणि बी. डी. शर्मा यांनी भरून काढली. त्यांचा या जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ सर्वेक्षण संस्थेनंच २००० साली काढला.

अशा ग्रंथाच्या मुळाशी असतात वाळवलेले नमुने. फांदी कागदांत दाबायची, रोज कागद बदलायचे, मग जाड कागदावर चिकटवून खाली चिठ्ठी लावायची: गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. पुढं नाव बदललं तरी जुनी चिठ्ठी कुणी फाडत नाही. नवी तिच्याशेजारी चिकटवतात.